धुराचा जमाखर्च : विटांच्या शेगडीची परीक्षा कशी घेतात

आमच्या आजोळी न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब होता. पहाटे त्याच्या मधल्या नळीत काटक्या, दोन करवंट्या आणि वर एखादा ढलपा टाकला की थोड्याच वेळात पाणी कढत व्हायचं. जाळ विझून गेला तरी घरातल्या शेवटच्या माणसाच्या आंघोळीपर्यंत पाणी गरम राहायचं, कारण जाळाची उष्णता पाण्यात जाऊन बसलेली असायची. लाकूड ओलं असलं की मात्र न्हाणीघर धुरानं भरायचं, डोळ्यांतून पाणी यायचं आणि नळीच्या आतल्या अंगाला काळं चिकट किटण धरायचं.

थंड देशांत हीच युक्ती पाण्याऐवजी विटा आणि दगड वापरून करतात. त्या प्रकाराला मेसनरी हीटर म्हणतात. रशियातली ‘पेच’, ऑस्ट्रिया-जर्मनीतली फरशांनी मढवलेली काखेलओफेन, फिनलंडमधली शंखजिऱ्याच्या दगडाची शेगडी ही सगळी याच कुळातली. स्वीडनमध्ये १७६७ साली कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियन व्रेडे यांनी धूर वर-खाली फिरवणारी शेगडी आखली, ती सरपणाची टंचाई होती म्हणून. एक-दोन तास जोरदार जाळ करायचा, गरम वायू विटांच्या लांब वाटांमधून फिरवायचा आणि मग चिमणीतून सोडायचा. विटा तापतात आणि पुढचे बारा ते चोवीस तास घराला हळूहळू ऊब देत राहतात. बाहेर उणे वीस तापमान असताना रात्री उठून लाकडं सरकवावी लागत नाहीत.

या शेगडीबद्दल तिचे चाहते दोन गोष्टी सांगतात : ती धूर कमी करते आणि लाकूड वाचवते. दोन्ही दावे मोजून पाहता येतात. पण मोजायचं कसं, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खूप अवघड आहे. हातात आलेला आकडा कसा मिळाला हे कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नसतो, हे मला या विषयानं जितकं स्पष्ट दाखवलं तितकं दुसऱ्या कशानंही दाखवलं नाही. म्हणून इथे आकड्यांपेक्षा मोजण्याच्या रीतीवर जास्त बोलणार आहे.

लाकूड जळतं म्हणजे काय जळतं?

कोरड्या लाकडात वजनानं साधारण निम्मा कार्बन असतो, सहा टक्के हायड्रोजन आणि उरलेला बहुतेक सगळा ऑक्सिजन. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं. मग लाकूड स्वतःच फुटायला लागतं आणि त्याच्या वजनाचा सुमारे ऐंशी टक्के भाग वायू आणि डांबरी वाफ होऊन बाहेर पडतो. आपल्याला दिसते ती पिवळी ज्योत म्हणजे हे वायू जळत असतात. लाकूड त्यांच्या खाली नुसतं तापत असतं. शेवटी उरतो तो कोळसा, आणि तो ज्योतीशिवाय लाल होऊन जळतो.

या वायूंना पूर्ण जळायला तीन गोष्टी लागतात : सहाशे-सातशे अंशांवरची धग, पुरेसा वेळ आणि हवेशी नीट मिसळण. यातली एक जरी कमी पडली तरी डांबरी वाफ अर्धवट जळून निसटते आणि थंड झाली की बारीक थेंब आणि काजळी होते. तोच धूर. त्यातले अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. अलास्कातल्या फेअरबँक्ससारख्या शहरात हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत बसून राहतो आणि घरोघरच्या लाकडाचा धूर त्याखाली कोंडतो. म्हणून धूर मोजणं हा तिथल्या लोकांच्या श्वासाचा प्रश्न आहे.

आता बंब आठवा. त्याच्या नळीच्या पलीकडे पाणी, म्हणजे तांब्याचा पत्रा शंभर अंशांवर जाऊच शकत नाही. ज्योत त्या थंड पत्र्याला लागते, वायू जळून संपायच्या आधीच निवतात आणि किटण धरतं. मेसनरी हीटरची रचना नेमकी इथे वेगळी आहे. आग जिथे पेटते ती कोठी उष्णतारोधक विटांची असते. ती उष्णता चटकन सोडत नाही, स्वतः तापते आणि ज्योतीला तापवत ठेवते. आधी वायूंना तिथे पूर्ण जळू द्यायचं आणि त्यानंतरच त्यांची उष्णता लांब वाटांमध्ये काढून घ्यायची. या शेगडीच्या परीक्षेत सगळा भर त्या कोठीवर का असतो, ते यावरून कळेल. धूर होणार की नाही याचा निकाल कोठीत लागतो. घरात किती उष्णता उतरणार याचा निकाल पुढच्या वाटांमध्ये लागतो.

एका जाळाची परीक्षा

परीक्षेची सुरुवात तराजूनं होते. लाकूड तोलायचं, प्रत्येक फोडीत दोन टोकांचं मीटर खुपसून ओल मोजायची. इथेच पहिला गोंधळ होतो. पाण्याचं वजन ओल्या लाकडाच्या वजनाशी ताडलं तर जी ओल २० टक्के येते, तीच कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडली तर २५ टक्के येते. दोन्ही पद्धती वापरात आहेत, त्यामुळे कोणती वापरली हे अहवालात लिहिलेलं असावं लागतं.

मग लाकूड कुठलं, हा प्रश्न. अमेरिकेत कित्येक वर्षं प्रयोगशाळेतल्या चाचण्या डग्लस फरच्या रंधलेल्या चौकोनी पट्ट्यांच्या रचलेल्या घडवंचीवर होत. मापं ठरलेली, पट्ट्यांमधलं अंतर ठरलेलं. दोन शेगड्यांची तुलना करायला हे सोयीचं आहे. पण घरात अशी घडवंची कोणी जाळत नाही. घरात कुऱ्हाडीनं फोडलेली, सालीसकटची, एक जाड तर एक बारीक अशी लाकडं असतात. म्हणून अलीकडच्या पद्धतींत फोडलेल्या लाकडावरही परीक्षा घेता येते. त्यात निकाल जास्त हेलकावतात, पण ते खऱ्या घराच्या जवळचे असतात. मला विचाराल तर हेलकावणारा खरा आकडा स्थिर पण खोट्या आकड्यापेक्षा केव्हाही बरा. फक्त एकाच जाळावर विसंबू नये. तीच शेगडी, तेच लाकूड, तोच माणूस असूनही सोमवारचा आणि मंगळवारचा निकाल एकसारखा येत नाही.

जाळ पेटला की चिमणीत दोन नळ्या काम करू लागतात. एक वायू मोजणाऱ्या यंत्राची. ती ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि तापमान सतत नोंदवते. दुसरी धुराचे कण पकडणारी.

कण पकडण्याची रीत जरा सावकाश समजून घेऊ, कारण सगळे वाद तिथेच आहेत. चिमणीच्या आत धूर दीडशे-दोनशे अंशांचा असतो. तेव्हा डांबर अजून वाफेच्या रूपात असतं. तिथेच गाळणी धरली तर काजळी आणि राख अडकते, पण वाफ आरपार निघून जाते. चिमणीबाहेर थंड हवा लागली की त्याच वाफेचे थेंब होतात आणि शेजाऱ्याच्या खिडकीतून आत येतात. गरम गाळणीला न दिसलेला धूर शेजाऱ्याच्या नाकाला दिसतो.

यावर उपाय म्हणून धूर आधी स्वच्छ हवेत मिसळून थंड करतात आणि मग काचतंतूंच्या गाळणीतून ओढतात. अमेरिकी पद्धतीत गाळणीपाशी तापमान ३२ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे चिमणीबाहेर जे घडतं ते यंत्रातच घडवून आणायचं. गाळणी आधी कोरडी करून तोललेली असते, नंतर पुन्हा कोरडी करून तोलायची. वजनातला फरक मिलिग्रॅममध्ये असतो, त्यामुळे तराजू मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा लागतो. बोटाचा ओलसर ठसा लागला तरी हिशेब बिघडतो.

नॉर्वे आणि अमेरिका पूर्वीपासून अशी थंड पद्धत वापरत आले. जर्मनीत मात्र गरम धुरातूनच कण पकडायची परंपरा होती. एकाच शेगडीचा धूर दोन्ही रीतींनी मोजला तर थंड पद्धतीचा आकडा काही पटींनी मोठा येऊ शकतो, विशेषतः आग नीट जळत नसेल तेव्हा. म्हणून दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून ‘अमकी शेगडी अधिक स्वच्छ’ म्हणणारी जाहिरात दिसली की आधी गाळणी कुठे धरली होती ते विचारावं.

प्रयोगशाळेतली हवा मिसळायची नळी छतापर्यंत जाणारी, पंख्यांसह, महागडी असते. लहान बांधकाम करणाऱ्यांना ती परवडत नाही. ऑरेगॉनमध्ये त्यावर एक आटोपशीर उपाय निघाला, कॉन्डार नावाचा. पेटीएवढं उपकरण, त्यात चिमणीतला थोडासा धूर आणि खोलीतली बरीच हवा एकत्र ओढली जाते, मिश्रण थंड होतं आणि मागच्या गाळणीवर कण बसतात. उत्तर अमेरिकेतल्या मेसनरी हीटर बांधणाऱ्यांनी हे उपकरण आणि एक वायुमापक यंत्र यांच्या जोरावर स्वतःच्या शेडमध्ये जाळांमागून जाळांची नोंद ठेवली. गवंडीकाम करणारी ही माणसं, हातात थापी आणि शेजारी मिलिग्रॅमचा तराजू. मला या चित्राचं फार अप्रूप वाटतं. त्यांची संघटना, मेसनरी हीटर असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका, नॉर्थ कॅरोलायनातल्या वाइल्डएकर्स इथे दरवर्षी जमते आणि तिथे चर्चेइतकंच प्रत्यक्ष शेगड्या बांधणंही चालतं.

आता एक शंका येईल. गाळणीवर पाच मिलिग्रॅम धूर सापडला, पण तो चिमणीतल्या एका बारीक नळीतून आलेला. एकूण धूर किती झाला ते कसं कळणार? त्यासाठी चिमणीतून एकूण किती वायू गेला ते माहीत हवं, आणि चिमणीतला प्रवाह इतका मंद आणि बदलता असतो की तो थेट मोजणं कठीण. इथे एक सुंदर युक्ती आहे. मी तिला कार्बनचा जमाखर्च म्हणतो.

एक किलो कोरड्या लाकडात सुमारे ५०० ग्रॅम कार्बन. तो कुठेही नाहीसा होत नाही. जळला की तो कार्बन डायऑक्साइड होतो, थोडा कार्बन मोनॉक्साइड होतो, चिमूटभर धुरात जातो. ५०० ग्रॅम कार्बनपासून सुमारे ०.९३ घनमीटर कार्बन डायऑक्साइड होतो. आता यंत्र सांगतं की चिमणीत ऑक्सिजन १३ टक्के आहे. लाकडाच्या बाबतीत त्याचा अर्थ कार्बन डायऑक्साइड सुमारे ७.७ टक्के. मग ०.९३ घनमीटर हा ७.७ टक्के हिस्सा असेल तर एकूण कोरडा वायू झाला सुमारे १२ घनमीटर. प्रवाह न मोजता, नुसत्या टक्केवारीवरून, एका किलो लाकडामागे बारा घनमीटर वायू हे कळलं. गाळणीवरून एका घनमीटरमागे किती मिलिग्रॅम धूर ते आधीच ठाऊक आहे. दोन्हींचा गुणाकार केला की एका किलो लाकडामागे किती ग्रॅम धूर ते मिळतं. जमेची बाजू लाकडात, खर्चाची बाजू चिमणीत, आणि दोन्ही जुळायलाच हव्यात.

भागायचं कशानं?

एकूण धूर मोजला. आता तो कशानं भागायचा? तासांनी, किलोंनी, की उष्णतेनं?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, ईपीएनं, १९८८ मध्ये लाकडाच्या शेगड्यांसाठी देशव्यापी नियम केले. ते लोखंडी शेगड्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले होते आणि त्यात धुराचं माप होतं ताशी ग्रॅम. ८०० किलोहून जड उपकरणं त्या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवली गेली. मेसनरी हीटर यापेक्षा जडच असतो. सुटका झाली असं वरवर वाटेल, पण उलट झालं. नियमच नाही म्हणजे प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नसलेली शेगडी काही गावांत बांधताच येईना. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी पुढे स्वतंत्र तरतुदी केल्या.

ताशी ग्रॅम हे माप या शेगडीला का बसत नाही ते पाहा. समजा २० किलो लाकूड दोन तासांत जाळलं आणि किलोमागे २ ग्रॅम धूर झाला. एकूण ४० ग्रॅम. जाळाच्या वेळेनं भागलं तर ताशी २० ग्रॅम, म्हणजे भयंकर. पण ती ऊब चोवीस तास पुरली, म्हणून चोवीसनं भागलं तर ताशी १.७ ग्रॅमच्या आसपास. शेगडी तीच, जाळ तोच, धूर तोच, आणि दोन आकड्यांत बारा पटींचा फरक. लोखंडी शेगडी दिवसभर धुमसत असते, तिला ताशी माप चालतं. जोरात जळून विझणाऱ्या शेगडीला किलोमागे ग्रॅम किंवा मिळालेल्या उष्णतेमागे ग्रॅम हेच माप न्याय देतं.

ईपीएच्याच उत्सर्जनाच्या तक्त्यात किलोमागचे आकडे आहेत. उघड्या फायरप्लेसमधून एका किलो लाकडामागे १७.३ ग्रॅम बारीक कण, जुन्या पद्धतीच्या लोखंडी शेगडीतून १५.३ ग्रॅम, मेसनरी हीटरमधून २.८ ग्रॅम. हे सरासरीचे आकडे आहेत, प्रत्येक शेगडीला लागू पडणारे नाहीत, पण अंतर केवढं आहे ते त्यातून दिसतं. २०१४ मध्ये ईपीएनं मेसनरी हीटरसाठीही नियम प्रस्तावित केला होता. २०१५ च्या अंतिम नियमात तो आला नाही. प्रत्येक शेगडी जागेवर हातानं बांधणाऱ्या लहान कारागिरांनी प्रत्येक नमुन्याची महागडी चाचणी करून घ्यायची कशी, हा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता.

युरोपात माप आणखी वेगळं : चिमणीतल्या एका घनमीटर वायूमागे मिलिग्रॅम, आणि तेही ऑक्सिजन १३ टक्के धरून. ही अट नसती तर चिमणीत ताजी हवा मिसळून धूर पातळ करता आला असता आणि आकडा आपोआप घसरला असता. जर्मनीत २०१५ पासून नव्या घरगुती शेगड्यांना धुळीची मर्यादा घनमीटरला ४० मिलिग्रॅम आहे. वरचा बारा घनमीटरचा हिशेब लावा : ४० गुणिले १२ म्हणजे ४८० मिलिग्रॅम, किलोमागे अर्धा ग्रॅम. अमेरिकी तक्त्यातल्या २.८ शी ताडलं तर जर्मन शेगडी जवळपास सहापट स्वच्छ वाटेल. पण एक आकडा गरम गाळणीचा, दुसरा थंड. त्यामुळे ही तुलना करूच नये.

प्रमाणपत्र असलं की सगळं ठीक, असंही नाही. ईपीएच्या स्वतःच्या महानिरीक्षकांनीच फेब्रुवारी २०२३ च्या अहवालात म्हटलं की शेगड्या ग्राहकांपर्यंत पोचण्याआधी नीट तपासल्या जातात याची पुरेशी खात्री ही यंत्रणा देत नाही.

कार्यक्षमता ही वेगळी परीक्षा

लाकडातली किती उष्णता घरात उतरली, हे शोधायचा सोपा मार्ग म्हणजे चिमणीतून किती वाया गेली ते मोजायचं. उरलेली घरात आली असं धरायचं.

ढोबळ गणित करू. एक किलो कोरडं लाकूड जळायला कमीत कमी सहा किलो हवा लागते. प्रत्यक्षात जास्त लागते. ऑक्सिजन साडेदहा टक्के दिसला म्हणजे दुप्पट हवा गेली, चिमणीतून एकूण १३ किलो वायू. चिमणीत १५० अंश आणि खोलीत २० अंश असेल तर हा वायू सुमारे १.७ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातो. लाकडात होती साडेअठराच्या आसपास. तोटा ९ टक्के. आता ऑक्सिजन १५.७ टक्के दिसला, म्हणजे चौपट हवा. तेच तापमान, पण वायू २५ किलो आणि तोटा जवळपास १८ टक्के. चिमणी अजिबात जास्त तापली नाही, तरी तोटा दुप्पट. नुसता थर्मामीटर पाहून कार्यक्षमता सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

जाळाच्या शेवटी हे फार महत्त्वाचं ठरतं. ज्योत विझते, निखारे उरतात, जळण संथ होतं, पण हवा तितकीच आत येत राहते. ऑक्सिजन अठरा-एकोणीस टक्क्यांवर चढतो आणि ती जादा हवा तापलेल्या विटांची ऊब घेऊन चिमणीतून निघून जाते. शेवटचा अर्धा तास आणि मधला धडधडता अर्धा तास यांना सारखंच वजन देऊन सरासरी काढली तर उत्तर चुकतं, कारण शेवटच्या अर्ध्या तासात लाकूड जवळजवळ जळालेलंच नसतं. घरात या वेळी हवेचा मार्ग बंद करायचा असतो, पण निखारे लाल असताना चिमणीची झडप मिटली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत येऊन जीवावर बेतू शकतं. त्या वायूला वास नसतो. ऊब गेली तरी चालेल, पण झडप घाईनं मिटू नये.

आता एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ईपीएच्या त्याच तक्त्यात मेसनरी हीटरमधून किलोमागे ७४.५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निघतो असं दिलंय. त्यात न जळलेली उष्णता सुमारे ०.७५ मेगाज्यूल, म्हणजे चार टक्के. आणि २.८ ग्रॅम कणांमध्ये? अर्धा टक्काही नाही. म्हणजे फुप्फुसाला जो भाग सर्वांत घातक, तो कार्यक्षमतेच्या आकड्यात दिसतच नाही. शेगडी ऐंशी टक्के कार्यक्षम असूनही गल्ली धुरानं भरू शकते. दोन परीक्षा वेगळ्या आहेत, एकीत पास झालेली दुसरीत पास होईलच असं नाही.

इथेही देशादेशांचा फेर आहे. लाकडातल्या हायड्रोजनपासून पाणी तयार होतं, कोरड्या किलोमागे सुमारे ५४० ग्रॅम, आणि ते वाफ होऊन चिमणीतून जातं. त्या वाफेतली १.३ मेगाज्यूल उष्णता हिशेबात धरायची की नाही? अमेरिकेत धरतात, लाकडाची एकूण उष्णता २० मेगाज्यूल मानतात. युरोपात ती मिळणारच नाही म्हणून वगळतात आणि १८.७ मानतात. घरात १५ मेगाज्यूल उतरली तर अमेरिकी हिशेबानं कार्यक्षमता ७५ टक्के, युरोपीय हिशेबानं ८०. लाकडाच्या ओलीचं पाणीही तसंच वगळलं तर ८३. विटेलाही हात न लावता आठ टक्के वाढले.

कोठी तपासा, बाकीचं मोजून काढा

प्रत्येक शेगडी वेगळी असेल तर प्रत्येकीची चाचणी कशी करणार, या प्रश्नाला ऑस्ट्रियानं दिलेलं उत्तर मला फार शहाणपणाचं वाटतं. तिथल्या काखेलओफेन बांधणाऱ्यांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं जाळ मोजून कोठीचे नियम बसवले, आणि त्यावरून पुढे ईएन १५५४४ हे युरोपीय मानक आलं. त्यात शेगडी बांधायच्या आधी कागदावर सोडवायची. घराला १२ तासांसाठी ४ किलोवॉट ऊब हवी असेल तर ४ गुणिले १२ भागिले ३.२५, म्हणजे सुमारे १४.८ किलो लाकूड एका जाळाला. हा ३.२५ आकडा कुठून आला? एका किलो लाकडातले सुमारे ४.१६ किलोवॉट-तास आणि ७८ टक्के कार्यक्षमता यांचा तो गुणाकार. पुढे किलोमागे ९०० चौरस सेंटिमीटर या दरानं कोठीच्या आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ, आपल्या उदाहरणात १.३३ चौरस मीटर. कोठीची उंची किमान २५ सेंटिमीटर अधिक किलोंचा आकडा, म्हणजे चाळीस सेंटिमीटरच्या आसपास.

या आकड्यांत अनुभव साठलेला आहे. कोठी मोठी झाली तर भिंती पुरेशा तापत नाहीत. लहान झाली तर ज्योतीला उंची मिळत नाही आणि वायू जळून संपायच्या आधी वाटांमध्ये शिरून निवतात, बंबातल्यासारखे. हवेचंही तसंच. जुन्या कोठ्यांत हवा खालच्या जाळीतून येई. त्यानं निखारे धगधगतात आणि वरचं लाकूड एकदम वायू सोडायला लागतं, इतका की त्याला वर हवाच पुरत नाही. म्हणून नव्या ऑस्ट्रियन कोठ्यांत भिंतींमध्ये वेगवेगळ्या उंचीवर फटी ठेवतात आणि ज्योतीला जागोजागी हवा मिळते. जर्मनीत २०१४ नंतर बांधलेल्या अशा शेगड्यांना धूळ अडवणारं उपकरण लावावं लागतं. पण तयार कोठीची चाचणी आधीच झालेली असेल, किंवा बांधून झाल्यावर चिमणी तपासनीसानं जागेवर मोजून मर्यादेत असल्याचं दाखवलं असेल, तर ही सक्ती नाही.

आपल्याकडच्या चुलींच्या चाचणीत भागाकाराचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला आहे. आयएस १३१५२ या भारतीय मानकात २०१३ पासून धूर किलोमागे नव्हे, भांड्यात प्रत्यक्ष उतरलेल्या उष्णतेमागे मोजतात : पंखा नसलेल्या चुलीला एका मेगाज्यूलमागे जास्तीत जास्त ३५० मिलिग्रॅम, पंख्याच्या चुलीला १५०. कार्यक्षमता अनुक्रमे किमान २५ आणि ३५ टक्के. लाकूड खाऊन भांडं न तापवणारी चूल या मापात आपोआप मागे पडते. मेसनरी हीटरलाही असंच माप लावावं असं माझं मत आहे.

पेटवण्याची रीतही निकाल पालटते. धुराच्या कणांचा मोठा वाटा जाळाच्या सुरुवातीच्या मिनिटांतला असतो, कोठी थंड असताना. कार्बन मोनॉक्साइडचा आलेख दोनदा वर उठतो, एकदा पेटताना आणि दुसऱ्यांदा निखाऱ्यांच्या वेळी. बंबात आपण खाली कागद-काटक्या आणि वर जाड लाकूड ठेवायचो. त्यात खालच्या जाळानं वरचं सगळं लाकूड एकदम वायू सोडतं आणि तो वायू ज्योतीच्या वरून, न जळताच, निघून जातो. उलट जाड लाकूड खाली, काटक्या वर आणि काडी सगळ्यांत वर लावली तर जाळ मेणबत्तीसारखा वरून खाली उतरतो. खालून निघणारा वायू ज्योतीतून गेल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही. म्हणून अहवालात शेगडीच्या नावाखाली काडी वरून लावली की खालून, हेही लिहिलेलं असावं लागतं.